अर्थ बरोबर, उपयोग अयोग्य

कल्याणात पारनाक्याजवळ खांबेटे वकिलांचे घर होते. सकाळची जेवणे उरकली, उष्टी-खरकटी निघाली, की त्या घरात गोदूबाई माजघरातल्या खांबाशी पाट टाकून वाती वळायला बसत. समोर परडीत पिंजलेला कापूस, बाजूला वाटीत चाळलेली राख. बोटांना राख लावायची, कापसाची चिमूट तळहातावर घ्यायची, दुसऱ्या तळहाताने एकदा पुढे आणि एकदा मागे घासायची. एक वात झाली. शंभर वातींची एक जुडी. दहा जुड्या झाल्या, की लाकडी डब्यात एक चिंचोका टाकायचा. डब्यात शंभर चिंचोके पडले, म्हणजे लाख वाती पुऱ्या झाल्या.

नेम मात्र गोदूबाईंचा नव्हता. सन १८८४च्या आषाढी एकादशीला वकिलांच्या पत्नी वेणूबाई यांनी लाखवातीचा संकल्प सोडला होता. चातुर्मासात लाख वाती स्वतःच्या हाताने वळायच्या, कार्तिकी पौर्णिमेला तुपात भिजवून देवापुढे लावायच्या आणि सवाष्ण-ब्राह्मण जेवू घालायचे, असा तो संकल्प. ‘स्वतःच्या हाताने’ हे शब्द त्यांनी भटजींसमोर उच्चारले होते आणि आळीतल्या दहा बायकांनी ते ऐकले होते. पहिल्या दिवशी वेणूबाईंनी एकशे आठ वाती वळल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे मनगट दुखू लागले. तिसऱ्या दिवशी परडी गोदूबाईंपुढे आली. मनगट बरे वाटले की मी आहेच, तोवर वन्सं, तुम्ही जरा हाताला लागा, असे वेणूबाई म्हणाल्या. श्रावणात शेजारच्या घरी मंगळागौर झाली, तेव्हा त्याच मनगटांनी त्यांनी फुगड्या घातल्या. परडी होती तिथेच राहिली.

गोदूबाई वकिलांच्या चुलतबहीण. वय बत्तीस. त्यांचे वडील भिवंडीला मराठी शाळेत मास्तर होते आणि मुलगा नसल्यामुळे म्हणा किंवा स्वभावामुळे म्हणा, त्यांनी मुलीला लिहायला शिकवले होते. नवव्या वर्षी डोंबिवलीच्या एका घरात तिचे लग्न झाले. सतराव्या वर्षी नवरा पटकीने गेला. केस गेले, अंगावर लाल आलवण आले, आणि पुढच्याच वर्षी वडीलही गेले. चुलतभावाने घरात घेतले. चौदा वर्षे झाली. या चौदा वर्षांत त्यांनी त्या घरात किती भाकऱ्या थापल्या, किती पाणी ओढले, वेणूबाईंची किती बाळंतपणे काढली, याची नोंद कोणी ठेवली नाही. मोजदाद झाली ती फक्त वातींची, कारण त्यांचे पुण्य दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर जायचे होते.

वडिलांची एक सवय गोदूबाईंच्या हाडांत भिनली होती. रोज दिवेलागणीला ते मुलीला एक शब्द देत. अर्थ सांगायचा आणि वाक्यात उपयोग करायचा. वाक्य आपल्या पाहण्यातले हवे, हा त्यांचा दंडक. एकदा ‘अथांग’ हा शब्द आला, तेव्हा आठ वर्षांच्या गोदूने पाटीवर लिहिले, कामवारी नदी पावसाळ्यात अथांग असते. वडिलांनी विचारले, "बुडून पाहिलीस का?" पाटी पुसली गेली. मग तिने लिहिले, आमच्या विहिरीचा तळ मला कधी दिसला नाही, म्हणून ती मला अथांग वाटते. वडील म्हणाले, "आता हे तुझं. पहिलं उसनं होतं."

त्या वेळी वडिलांच्या हाताखाली भाऊमास्तर नावाचे एक दुय्यम शिक्षक होते. आता ते साठीला आले होते आणि कल्याणात गावकऱ्यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळेचे एकटेच मास्तर होते. चाळीस मुली, चार इयत्ता आणि एका डोळ्यात मोतीबिंदू. वकिलांची आठ वर्षांची शालू याच शाळेत जाई. शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही वकील त्र्यंबकराव खांबेटेच होते.

त्या भाद्रपदात कमिटीने आणखी एक शिक्षक नेमायचे ठरवले आणि शक्य तर बाई असावी असे कागदावर लिहिले. भाऊमास्तरांनी भर सभेत गोदूबाईंचे नाव सुचवले. त्र्यंबकरावांची पंचाईत झाली. पंधराच दिवसांपूर्वी त्यांनी गावच्या वाचनालयात स्त्रियांना विद्या का हवी यावर तासभर व्याख्यान दिले होते आणि ते ऐकलेले सगळे समोर बसले होते. परीक्षेत उतरली तर माझी हरकत नाही, असे ते म्हणाले. उतरणार नाही, याची त्यांना खात्री असावी.

जागेला पगार थोडा होता, पण शाळेच्या मागे एक खोली मिळणार होती. भाऊमास्तर ती दाखवायला गोदूबाईंना घेऊन गेले. आठ फूट लांब, सात फूट रुंद, एक झरोका, एक कोनाडा. गोदूबाईंनी दार लावून पाहिले. दाराला आतून कडी होती. चौदा वर्षे त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी निजत आल्या होत्या, आणि तिथे पाणी मागायला कोणीही, केव्हाही त्यांना ओलांडून जाई. त्यांनी कडी घातली, काढली, पुन्हा घातली. भाऊमास्तर बाहेर उभे राहून खोकत होते. बाहेर आल्यावर गोदूबाई एवढेच म्हणाल्या, "परीक्षा कधी आहे?"

परीक्षा दसऱ्यानंतर होती. अभ्यासाला वेगळा वेळ कोण देणार? वाती वळता वळता अभ्यास झाला. हात वाती वळत आणि तोंड पावकी-निमकी, जिल्ह्याचे तालुके, समास म्हणत असे. वेणूबाईंना वाटे वन्सं स्तोत्र म्हणतात, आणि त्यांना बरे वाटे.

भाऊमास्तर संध्याकाळी परसदारी येऊन शिकवून जात. ठाण्याहून येणाऱ्या परीक्षकांची तऱ्हा त्यांना ठाऊक होती. शेवटी दहा शब्द विचारतात. अर्थ आणि वाक्यात उपयोग. "वाक्यात आज्ञाधारक मुलगा, दयाळू राजा किंवा उद्योगी मुंगी घाल," त्यांनी बजावले. "या तिघांपैकी एक असलं की साहेब खूश." चाळीस ठराविक वाक्ये त्यांनी एका कागदावर लिहून दिली. गोदूबाईंनी ती पाठ केली. वडिलांना ती आवडली नसती, हे त्यांना कळत होते. पण वडिलांनी ती खोली पाहिली नव्हती.

आश्विन शुद्ध द्वादशीला परीक्षा झाली. त्या दिवशी डब्यात बहात्तर चिंचोके होते. आदल्या रात्री जेवताना त्र्यंबकरावांनी आकडा विचारला होता आणि वाढता वाढता गोदूबाईंनीच तो सांगितला होता.

शाळेच्या ओटीवर गादी-तक्के मांडले होते. मधोमध परीक्षक, शेजारी त्र्यंबकराव, दोन्हीकडे कमिटीची मंडळी. उमेदवार दोन. भिवंडीचा एक तरुण ओटीवर समोर बसला. गोदूबाई विधवा, पुरुषांच्या सभेत बसणे अशक्य. त्या आतल्या खोलीच्या दाराआड बसल्या. बाहेरून दिसे ती आलवणाची कड आणि ऐकू येई तो आवाज. मागच्या खिडकीशी आळीतल्या चार-पाच बायका काही ना काही निमित्ताने उभ्या होत्याच.

हिशेबांत तरुण दोनदा चुकला, गोदूबाई एकदाही नाही. शुद्धलेखनाचा त्यांचा कागद परीक्षकांनी शेजाऱ्यांना दाखवला. जिल्ह्याचे तालुके सांगताना तरुणाने मुरबाड गाळले. गोदूबाईंनी सगळे सांगितले आणि कोणकोणत्या तालुक्यांना समुद्र लागत नाही, तेही सांगितले. ओटीवरची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. तांदळाचे एक व्यापारी मोठ्याने म्हणाले की वकीलसाहेबांनी घरात पंडित ठेवला आहे. त्र्यंबकराव हसले. ते हसू कौतुकाचे दिसावे अशी त्यांनी काळजी घेतली होती.

शेवटी शब्द आले. पहिली नऊ वाक्ये गोदूबाईंनी कागदाबरहुकूम दिली. दोन राजे, तीन मुंग्या, चार मुलगे. परीक्षकांची मान प्रत्येक वेळी डोलली. दहावा शब्द ‘कंटाळवाणे’. तो आधी तरुणाला विचारला गेला. अर्थ, कंटाळा आणणारे. वाक्य, आळशी मनुष्यास अभ्यास कंटाळवाणा वाटतो. ठीक, तुम्ही निघा, असे परीक्षक म्हणाले. तरुण ठाण्याची गाडी गाठायला गेला आणि ते दाराकडे वळले.

"बाई, तुम्ही अर्थ सांगा."

मग गोदूबाई म्हणाल्या, "जे काम अवघड नसतं, पण संपतही नाही, ज्यात हात गुंतलेले असतात आणि मन रिकामं बसलेलं असतं, ते कंटाळवाणं."

परीक्षकांनी मान वर केली. पुन्हा सांगा, सावकाश सांगा, असे ते म्हणाले. त्यांनी तो अर्थ शब्दशः टिपून घेतला. गुणांच्या कागदावर टिपला नाही. कोटाच्या खिशातून स्वतःची लहान वही काढली आणि तिच्यात टिपला. भाऊमास्तरांनी ते पाहिले आणि त्यांना आनंद झाला.

"आता वाक्य."

कागदावर वाक्य होते. गोदूबाईंनी तेच म्हटले, आळशी मनुष्यास अभ्यास कंटाळवाणा वाटतो. ओटीवर हशा पिकला. एकाच कागदावरून दोघे शिकले होते. गावोगावचे मास्तर हीच वाक्ये एकमेकांकडून उतरून घेत, आणि तीच भिवंडीलाही गेली होती.

"हे तर आत्ताच ऐकलं," परीक्षक म्हणाले. ते रागावले नव्हते. "शिवाय तुमच्या अर्थाशी ते जुळत नाही. इतका चांगला अर्थ सांगितलात, त्याला शोभेल असं तुमचं स्वतःचं वाक्य द्या."

गोदूबाईंनी विचार केला, असे म्हणता येणार नाही. सत्त्याऐंशी दिवस त्या दुपारी खांबाशी बसत होत्या. पाहण्यातले वाक्य मागितले होते, ते त्यांनी दिले.

"लाख वाती वळण्याचं काम कंटाळवाणं असतं."

कोणीतरी शिव शिव म्हटले. तांदळाचे व्यापारी छताकडे पाहू लागले. परीक्षकांनी टाक खाली ठेवला आणि समजुतीच्या सुरात सांगितले की देवाच्या कामाला हा शब्द लागू होत नाही. मुलींना असे शिकवता येणार नाही. वाक्य बदलले तर गुण कापणार नाही.

"देवाचं काम कंटाळवाणं म्हटलं नाही," आतून उत्तर आले. "वळण्याचं म्हटलं."

"गोदू, वाक्य बदल," त्र्यंबकराव म्हणाले. हा आवाज ओटीवरचा नव्हता, घरातला होता.

भाऊमास्तर उठून दाराशी आले आणि फटीतून कळवळून म्हणाले, "मुंगी घाल, गोदूबाई. मुंगी घाल."

गोदूबाई बदलणार होत्या. नंतर त्यांनी भाऊमास्तरांपाशी तसे कबूल केले. त्यांच्या डोळ्यांपुढे आतली कडी होती आणि जिभेवर दुसरे वाक्य आलेही होते. निवडायला घेतलेल्या तांदळातल्या खड्यांविषयी काहीतरी. ते म्हणून टाकले असते तर कार्तिकात त्या शाळेमागच्या खोलीत निजल्या असत्या. पण त्र्यंबकराव तेवढ्यावर थांबले नाहीत. वकील माणूस, समोर सभा, आणि घरची अब्रू झाकायची संधी. ते परीक्षकांकडे वळून बोलू लागले. आमच्याच घरी सध्या हा नेम चालू आहे. आमची मंडळी, शालूची आई, रोज आठशे वाती स्वतःच्या हाताने वळतात. काल बहात्तर हजार पुऱ्या झाल्या. एकदाही त्यांच्या तोंडून कंटाळा हा शब्द ऐकलेला नाही. प्रश्न भक्तीचा आहे, आणि ती ज्याच्याजवळ नसते त्याला देवाचेही ओझे होते.

मंडळींनी माना डोलावल्या. परीक्षकांनीही डोलावली.

आत तांदळाचे वाक्य परत गेले. चौदा वर्षे गोदूबाईंनी त्या घरात पुष्कळ ऐकून घेतले होते, आणि हेही त्यांनी घेतले असते. फक्त तो आकडा त्यांना गिळवला नाही. बहात्तर हजार हा आकडा त्यांनी स्वतः मोजलेला होता, रात्री स्वतःच सांगितला होता, आणि आता तोच उचलून त्यांच्याविरुद्ध उभा केला होता.

दार थोडे उघडले. आवाज चढलेला नव्हता.

"दादा, वहिनींच्या तोंडून तो शब्द निघाला नाही हे खरं आहे. निघेल कसा? पहिल्या दिवशीच्या एकशे आठ सोडल्या तर त्यांनी एकही वात वळलेली नाही. बाकी सगळ्या मी वळल्या. चिंचोक्यांचा डबा घरी माजघरातल्या कोनाड्यात आहे. हवा तर आणवा."

डबा आणवायला कोणी सांगितले नाही. खरे काय ते पडताळायचे साधन शंभर पावलांवर होते आणि सभेत एक वकील, एक परीक्षक, चार प्रतिष्ठित गृहस्थ होते. त्यांपैकी कोणाला त्या डब्याची गरज वाटली नाही. खिडकीशी उभ्या असलेल्या बायका मात्र तिथे उरल्या नव्हत्या. गोदूबाई घरी पोहोचायच्या आधी त्यांची बातमी पोहोचलेली होती.

गुणांचा कागद भाऊमास्तरांनी पाहिला. गोदूबाईंना शंभरात एक्याऐंशी, तरुणाला चौसष्ट. दहाव्या शब्दापुढे शेरा होता, ‘अर्थ बरोबर, उपयोग अयोग्य.’ आणि खाली, जिथे उमेदवाराच्या स्वभावाविषयी लिहायचे असते, तिथे होते, ‘बुद्धी तीव्र. मुलींपुढे ठेवण्यास योग्य उदाहरण नव्हे.’ जागा चौसष्टाला मिळाली. खोलीही त्यालाच मिळाली. त्याने तिच्यात, नुसत्या ठेवायच्या म्हणून, शाळेच्या मोडक्या पाट्या भरून ठेवल्या, कारण तो रोज संध्याकाळच्या गाडीने आपल्या मामाकडे ठाण्याला जाई.

घरी काय झाले, ते थोडक्यात सांगण्यासारखे आहे. वेणूबाई रडल्या. वन्सं, मी तुमचं काय वाकडं केलं होतं, असे त्यांनी पाच-सहा वेळा विचारले आणि उत्तराची वाट पाहिली नाही. त्र्यंबकराव रात्रीच्या जेवणानंतर ओटीवर येरझारा घालत राहिले. मग त्यांनी गोदूबाईंना बोलावून एक तोड सुचवली. परीक्षेच्या भीतीने आपण गोंधळलो, भलतेच बोलून गेलो, असे गोदूने भटजींना आणि आळीतल्या दोन-चार घरी जाऊन सांगावे. मग पुढच्या वर्षी जागेचे पाहता येईल. अध्यक्ष आपणच आहोत.

"परीक्षेत जे खोटं बोलले नाही, ते आता दारोदार बोलायचं?" गोदूबाई म्हणाल्या. "आणि त्याबद्दल मला मास्तरीण करणार? मग मुलींना काय शिकवू?"

"कंटाळवाणं होतं तर मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

त्र्यंबकरावांनी ओटीवर आणखी एक फेरी मारली. मग ते म्हणाले, "मीही कोर्टात दिवसभर बसतो. कंटाळा मलाही येतो. बोलतो का मी?"

चौदा वर्षे रोज रात्री पहिला घास घेण्यापूर्वी ते हेच बोलत आले होते. आज कोर्टात फार कंटाळवाणे काम होते, अगदी कंटाळलो, असे ते म्हणत, आणि समोर वाढायला उभ्या असलेल्या गोदूबाई ते ऐकून गरम भात आणायला आत जात. घरच्या कर्त्या पुरुषाच्या तोंडी तो शब्द थकव्याचा ठरे आणि त्यावर पंखा, पाणी, मऊ भात मिळे. तोच शब्द आलवणातल्या बाईने उच्चारला की तो पाप ठरे. अर्थ दोन्हीकडे एकच होता. उपयोग कोणी करायचा, एवढेच गावाने ठरवून ठेवलेले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणे उरकली, खरकटी निघाली. गोदूबाईंनी परडी उचलली, राखेची वाटी आणि चिंचोक्यांचा डबा तिच्यावर ठेवला आणि सगळे वेणूबाईंच्या पलंगाशी नेऊन ठेवले. "अठ्ठावीस हजार राहिल्यात, वहिनी," त्या म्हणाल्या आणि धुणे घेऊन विहिरीवर गेल्या.

वेणूबाईंनी दोन दिवस वाती वळल्या. तिसऱ्या दिवशी मनगट पुन्हा दुखू लागले. चौथ्या दिवसापासून आळीतल्या दोन म्हाताऱ्या बोडक्या बायका दुपारच्या जेवणावर वाती वळायला येऊ लागल्या. भटजींना विचारण्यात आले. संकल्प यजमानीणबाईंचा असला म्हणजे पुरे, हात कोणाचेही चालतात, असा निर्वाळा त्यांनी दिला. हात कोणाचेही चालत होते, तर मग आषाढापासून तीन महिने त्या हातांना लपवून का ठेवले होते, हे भटजींना कोणी विचारले नाही. कार्तिकी पौर्णिमेला लाख वाती लागल्या. देवळात इतका उजेड पडला की खाडीपलीकडून दिसला म्हणतात. वेणूबाईंना पैठणी मिळाली. एका माणसाने दिवसाला आठशे या हिशेबाने वळलेल्या बहात्तर हजार वाती जळायला दीड घटका लागली.

गोदूबाईंना घराबाहेर काढले नाही. काढणे परवडणारे नव्हते. त्र्यंबकरावांच्या आई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि त्यांना उठवणे-बसवणे दुसऱ्या कोणाला जमत नसे. पुढे बरीच वर्षे गोदूबाई त्याच घरात होत्या, त्याच उंबऱ्याशी निजत होत्या. कापूस मात्र त्यांच्यापुढे पुन्हा कोणी ठेवला नाही.

पुढच्या ज्येष्ठात एका संध्याकाळी भाऊमास्तर परसदारी आले. गोदूबाई विहिरीवर भांडी घासत होत्या. मास्तर पायरीवर बसले, उपरण्याने तोंड पुसले, आणि बराच वेळ उन्हाळ्याविषयी बोलले. मग बगलेतून एक पातळ पुस्तिका काढली. शिळाप्रेसवर छापलेली, म्हणजे कोणा लेखनिकाच्या बाळबोध अक्षराची जशीच्या तशी छाप. मास्तरांच्या उपयोगाकरिता शब्दांचे अर्थ व वाक्ये, असे वर लिहिले होते आणि खाली त्याच परीक्षकांचे नाव होते. जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून ती वाटली गेली होती.

"अकरावं पान," भाऊमास्तर म्हणाले आणि विहिरीत पाहू लागले.

गोदूबाईंनी हात आलवणाला पुसले आणि पान काढले.

कंटाळवाणे : जे काम अवघड नसते, पण संपतही नाही, ज्यात हात गुंतलेले असतात आणि मन रिकामे बसलेले असते ते. उपयोग : आळशी मनुष्यास अभ्यास कंटाळवाणा वाटतो.

त्यांनी ते दोनदा वाचले. अर्थातला एक शब्दही बदलला नव्हता. ‘नसतं’चे ‘नसते’ केले होते, तेवढेच. तो कोणी सांगितला, कुठे सांगितला, सांगणारीचे पुढे काय झाले, याचा उल्लेख असायचे कारणच नव्हते.

"हा अर्थ घेतला," गोदूबाई म्हणाल्या, "आणि वाक्य भिवंडीचं लावलं."

"मी त्यांना पत्र लिहिणार होतो," भाऊमास्तर म्हणाले. लिहिले नाही, हे त्यांना पुढे सांगावे लागले नाही.

गोदूबाई आत गेल्या आणि शालूच्या दप्तरातली दौत आणि टाक घेऊन आल्या. पायरीवर पुस्तिका गुडघ्यावर धरून त्यांनी ते वाक्य एका सरळ रेघेने खोडले. वर जागा होती तिच्यात, लेखनिकाच्या अक्षराइतकेच बारीक आणि तसेच गोल अक्षर काढून लिहिले, ‘दुसऱ्याच्या पुण्यासाठी बहात्तर हजार वाती वळणे हे कंटाळवाणे काम आहे.’

"अहो, ही शाळेची प्रत आहे, गोदूबाई," भाऊमास्तर घाबरून म्हणाले.

"म्हणूनच."

त्यांनी चुलीतली चिमूटभर राख आणली, ओल्या अक्षरांवर टाकली, फुंकली, आणि पुस्तिका मास्तरांच्या हातात दिली. भाऊमास्तर ती हरवू शकले असते. वाळवी लागली म्हणून सांगू शकले असते. परीक्षेच्या दिवशी दाराशी येऊन मुंगी घाल म्हणाले होते, ते त्यांना आठवले असावे. सोमवारी त्यांनी ती शाळेच्या मेजावर, नव्या मास्तरांच्या समोर नेऊन ठेवली.

नवे मास्तर मुलींना शब्द देताना पुस्तिकेत असेल ते वाचून लिहायला सांगत. खोडलेले सोडायचे आणि वरचे वाचायचे, एवढे त्यांना ठाऊक होते; छापाची चूक कोणीतरी दुरुस्त केली असेल, अशी त्यांची समजूत झाली. वाक्य कोणाचे, हे विचारायला ते वर पाहत नसत. त्या पावसाळ्यात तिसऱ्या-चौथ्या इयत्तेच्या सगळ्या मुलींनी ते पाटीवर लिहिले आणि घरी जाऊन मोठ्याने पाठ केले. खांबेटे वकिलांच्या शालूनेही ते पाठ केले, ओटीवर, वडील कोर्टातून येऊन पगडी उतरवत असताना.